काजीसाहेबांचा दहावा

कावळा शिवत नव्हता, आणि त्यात कावळ्याचा काही दोष आहे असं तिथे जमलेल्या कोणालाच वाटत नव्हतं. पिंड पोलंडच्या माणसाचा होता. दुधनेच्या काठावर बाभळीच्या शेंड्याला बसलेल्या कावळ्याला पोलंड ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

"गोत्र चुकलं असंल," कचरू म्हणाला. हा परतूरच्या जिनिंग फॅक्टरीतला इंजनवाला. इंजन बंद पडलं की तो आधी दुसऱ्याची चूक शोधायचा. ती सवय त्याने नदीवरही आणली होती.

"गोत्र चुकत नसतं," नरहरगुरुजी म्हणाले. "ज्याचं गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप. शास्त्र आहे तसं."

"म्हंजे आपले साहेब काश्यप व्हते?"

"नव्हते. आता आहेत."

विधी धुळाजी करत होता, त्याच फॅक्टरीतला तेलवाला. त्याने डोकं आणि मिशी दोन्ही उतरवली होती. सकाळी कडूबाईने, म्हणजे त्याच्याच बायकोने, दारात उभा असलेला तो माणूस पाहून "कोण पाह्यजे?" असं विचारलं होतं. आता तो उघड्या अंगाने पाण्याजवळ उभा होता आणि वर पाहत होता. समोर दगडावर पान, पानावर भाताचा पिंड, वर दही आणि काळे तीळ. सगळं जसं पाहिजे तसं होतं. फक्त ज्याचं होतं तो माणूस इथला नव्हता.

साहेबांचं दफन जालन्याला मिशनच्या जागेत झालं होतं. तिथल्या पाद्रीबाबांनी काही कमी केलं नाही. प्रार्थना म्हटली, स्वतः माती लोटली, परतूरहून आलेल्या सगळ्यांना चहा पाजला. निघताना धुळाजीने हात जोडून विचारलं, "मंग दहाव्याला कवा येऊ?" पाद्रीबाबा म्हणाले, आमच्यात दहावा नसतो. धुळाजी रेल्वेत बसून परतूर येईपर्यंत विचार करत राहिला. एवढ्या चांगल्या माणसाने एवढं सगळं नीट केलं आणि शेवटचं तेवढं ठेवून दिलं, त्याअर्थी ते आपल्यासाठीच ठेवलं असणार, असं त्याने ठरवलं. स्टेशनवर उतरून तो घरी न जाता थेट नरहरगुरुजींकडे गेला.

नरहरगुरुजींनीही फार ताणलं नाही. त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ साहेबांनी दुरुस्त केलं होतं. त्याआधी परतूरमधली निम्मी लग्नं भलत्याच मुहूर्तावर लागली होती, हे गुरुजींना आणि साहेबांनाच ठाऊक होतं. साहेबांनी ते शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

साहेबांचं नाव काझिमेश. आडनाव होतं, पण ते परतूरमध्ये वापरात नव्हतं. पोस्टमास्तरांनी एकदा ते मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला आणि मध्येच पाणी मागितलं. पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या हिवाळ्यात गिरिधरशेठांनी कोल्हापूरहून नवा फिटर आणला. तिथे वळिवड्याला लढाईच्या काळात पोलिश लोकांची मोठी छावणी होती, ती नुकतीच उठली होती. बाकीचे लोक आगबोटीने विलायतेला नाहीतर आफ्रिकेला गेले. काझिमेश मात्र मीटरगेजच्या गाडीने परतूरला आले, कारण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की तिथे कापूस आहे.

काझिमेशचा काजी व्हायला दुपारही लागली नाही. त्याच आठवड्यात एका मुसलमान घरचे दोघे जण टोप्या नीट करत फॅक्टरीच्या फाटकाशी आले. गावात नवे काजी आलेत असं त्यांनी ऐकलं होतं, निकाहची तारीख विचारायची होती. साहेबांना बोलणं अर्धंच कळलं, पण लग्नाला बोलावतायत एवढं कळलं. ते वेळेवर गेले. खरे काजी बदनापूरहून आले होते, त्यांच्या शेजारी बसून साहेब पोटभर जेवले आणि नवरदेवाला मिठी मारून आले. त्या वर्षी एकमेकांच्या घरी जेवायला जाणं गावात सोपं राहिलं नव्हतं. त्यामुळे ते जेवण लोकांच्या लक्षात राहिलं, आणि नावही.

त्यांचं मराठी ही दुसरी गंमत. ते छावणीबाहेरच्या भाजीवाल्यांकडून शिकलेले, म्हणजे अस्सल कोल्हापुरी. गोरा, उंच, निळ्या डोळ्यांचा माणूस शाफ्टखाली उकिडवा बसून "काय रं मर्दा, पट्टा ढिला हाय न्हवं?" असं विचारायचा. पोलंडात सगळे असंच बोलतात, अशी कचरूची पुष्कळ दिवस समजूत होती. पुढे फॅक्टरीत एक खराखुरा कोल्हापूरचा व्यापारी आला, तेव्हा कचरूने त्याला विचारलं, "तुमी बी पोलंडचे का?"

"आता बोला," नरहरगुरुजी म्हणाले. "काहीतरी इच्छा राहिली असणार. एकेकानं कबूल करा. मोठ्यानं."

ही रीत सगळ्यांना माहीत होती. मेलेल्याच्या मनात काय राहिलं ते ओळखायचं, आम्ही करतो म्हणून सांगायचं, आणि बरोबर निघालं की कावळा उतरतो. अडचण एवढीच की साहेब एका सकाळी चहाला उठलेच नव्हते. सांगून जायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. पोरबाळ, बायको, शेत, घर, वाटणी, ज्यांच्यावर दहाव्याला नेहमी भागतं त्यातलं एकही त्यांच्यापाशी नव्हतं.

कचरू पुढे झाला. "साहेब, इंजनाजवळ बिडी पेटवणार न्हाई."

कावळा हलला नाही.

"खरं बोला भाऊजी," कडूबाई मागून म्हणाली. "त्याला समजून राह्यलं."

"...जादा पेटवणार न्हाई," कचरूने दुरुस्ती केली.

कडूबाई नदीवर आली होती. बायांनी दहाव्याला यावं का, हा प्रश्न नरहरगुरुजींच्या ओठावर आला होता. पण ती बैलगाडीतून उतरतानाच म्हणाली, "भाऊ माझा व्हता," आणि प्रश्न ओठावरून परत गेला.

मग गिरिधरशेठ. फॅक्टरी त्यांची, हंगाम ऐन भरातला, फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. तरी ते सकाळपासून इंजन बंद ठेवून स्वतः आले होते. "साहेब," ते घसा साफ करून म्हणाले, "तुमचा फोटो हापिसात लावतो."

कावळ्याने पाठ केली.

"हारासकट!"

"शेठ, फोटो हाय कुठं त्यांचा?" कडूबाईने विचारलं.

"काढून घेऊ की."

"आता?"

शेठ मागे सरले.

कडूबाईने पदराखालून चिनी मातीची बरणी काढली. साहेब तिच्याच हातचं जेवायचे, आणि त्यांनी तिला फक्त एकच पदार्थ शिकवला होता. कोबी बारीक चिरायची, मीठ लावून बरणीत दाबायची आणि ती बिघडेपर्यंत वाट पाहायची. पहिल्या वेळी तिने बरणी उघडली आणि भाऊच्या गावात एवढी गरिबी असेल असं वाटून ती रडली होती. पुढे तिला त्याची सवय लागली, धुळाजीला चटक लागली. आता तिने चमचाभर कोबी पिंडाशेजारी ठेवली. वारा कावळ्यांच्या दिशेने होता. बाभळीवरचे दोन कावळे उठले आणि पलीकडच्या काठावर गेले. त्यातला एक थोड्या वेळाने परत आला.

"हा तोच का?" कचरूने विचारलं.

"पाव्हण्यावाणी बोलू नको," धुळाजी पहिल्यांदा बोलला. "साहेबाचं काम हाय."

धुळाजीचं काय अडलं होतं हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. त्याचा बाप मेंढरं राखायचा. बाप गेला तेव्हाही याच नदीवर कावळा शिवला नव्हता. मेंढरं सांभाळतो म्हणून झालं, बहिणीचं लग्न करतो म्हणून झालं, देवाला बकरं कबूल झालं. ऊन चढलं, सोयरे कंटाळले, शेवटी गुरुजींच्या वडिलांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी गेले. शास्त्रात ते चालतं. धुळाजीच्या मनात चाललं नाही. तेव्हापासून पत्र्यावर कावळा बसला की तो हातातलं काम टाकून भाकरीचा तुकडा घेऊन बाहेर जायचा. इतकी वर्षं झाली, कुठल्याच कावळ्याने त्याला काही सांगितलं नव्हतं. एका बापाला गवतावर निरोप दिला, दुसऱ्याला देणार नाही, असं तो गाडी जुंपताना बैलांशी बोलला होता.

दुसरा बाप म्हणजे हेच काश्यपगोत्री.

मेंढरं विकून धुळाजी फॅक्टरीत तेलवाला म्हणून लागला तेव्हा फिरत्या पट्ट्याला तो इतका भ्यायचा की तेलाची बुधली लांबूनच फेकल्यासारखी करायचा. साहेबांनी त्याला एक लोखंडी सळई दिली. एक टोक बेअरिंगला, दुसरं कानाला. "ऐक," ते म्हणाले. "मेंढरू आजारी पडलं की तुला कळतंय न्हवं? मग हे बी कळतंय." धुळाजीने डोळे मिटून ऐकलं, आणि म्हणाला, "ह्याला खोकला झालाय." साहेब इतके हसले की शाफ्ट थांबवावा लागला. बेअरिंग खरंच गेलेलं होतं. त्या दिवसापासून धुळाजी त्यांचा माणूस झाला.

आणि दुसरी गोष्ट फळीची. जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, बाया हाताने कापूस सारतात. रुळावर हात गेला की बोट जातं. फॅक्टरीत बोट जाणं ही हंगामातली नेहमीची गोष्ट होती. बाई आठवडाभर घरी बसायची आणि उरलेल्या बोटांनी परत यायची. साहेब आले त्या महिन्यात त्यांनी हे पाहिलं आणि रात्रपाळीच्या आत प्रत्येक जिनच्या तोंडावर एक तिरकी फळी ठोकली. कापूस खाली जाईल, हात जाणार नाही. शेठ धावत आले. फळीमुळे काम हळू होतं, काढा. साहेब म्हणाले, काढतो, पण आधी एक गोष्ट ऐका. मग त्यांनी आपल्या आईची गोष्ट सांगितली. ती सूतगिरणीत होती, आणि लहानपणी सगळ्याच आयांच्या हातांना बोटं कमी असतात असं त्यांना वाटायचं. शाळेत गेल्यावर बाईंचा हात पाहून ते घाबरून रडले होते.

शेठ ऐकून निघून गेले. फळी राहिली. त्यानंतर कडूबाई तिथे कामाला लागली, आणि आज दुधनेच्या काठावर ती दोन्ही हात जोडून उभी होती.

धुळाजी पाण्यात दोन पावलं पुढे गेला. "साहेब," तो वर पाहत म्हणाला, "जिनवरची फळी हलणार न्हाई. म्या हाय तवर न्हाई."

कावळा खालच्या फांदीवर आला.

गिरिधरशेठांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि कोणी ढकलल्यासारखे एक पाऊल पुढे येऊन ते म्हणाले, "म्या हाय तवर बी न्हाई. माज्या मागं बी न्हाई. लेकाला बजावून ठिवतो."

धुळाजीने वळून शेठांकडे पाहिलं. ही गोष्ट तो उभ्या जन्मात त्यांच्याकडून वदवू शकला नसता. त्याने ओले हात जोडले.

कावळा फांदीवर चोच घासून तिथेच बसला.

"एवढं बी पुरं न्हाई?" कचरू हताश होऊन म्हणाला. "मंग त्यांच्या गावाचंच काही राह्यलं असंल."

साहेबांचं गाव म्हणजे वूच. ते नाव घेताना शिंक दाबल्यासारखं करावं लागतं. वूच हे गाव नव्हे, मोठं शहर आहे आणि तिथे फक्त कापसाच्या गिरण्या आहेत, हे परतूरमधल्या जिनिंगवाल्यांना चांगलं माहीत होतं. जेवणाच्या सुट्टीत फॅक्टरीतल्या लिंबाखाली साहेब भाकरी मोडत वूच सांगायचे. त्यांना दुसरं काही सांगायचं नसायचं. ऐकणाऱ्यांना दुसरं काही कळायचं नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंना बरं पडायचं. परतूरच्या इतिहासात काय झालं हे कचरूला सांगता आलं नसतं, पण वूचचा इतिहास त्याला येत होता.

"गुरुजी, त्यांच्या गावाला नदी न्हाई," कचरू म्हणाला. "गावाच्या शिक्क्यावर नाव हाय, पाण्यातली नाव, होडी! आन् नदी न्हाई. वढे व्हते, ते बी गिरण्यांनी जमिनीखाली घातले. नदी राह्यली असंल मनात."

"नदी कबूल कशी करणार?" नरहरगुरुजी म्हणाले. ऊन त्यांच्या डोक्यावर आलं होतं. "हे बघा, झालं तेवढं झालं. मी दर्भाचा कावळा करतो. चालतं ते."

"न्हाई," धुळाजी म्हणाला.

"अरे, शेठांचा खोळंबा—"

"शेठनी जावं. कचरूनं जावं. म्या बसतो हितं. उद्या बी बसंल."

गिरिधरशेठांनी नदीपलीकडे पाहिलं. फॅक्टरीची चिमणी इथून दिसत होती, धूर नव्हता. गाड्यांच्या रांगेतले शेतकरी आतापर्यंत त्यांचं नाव घेऊन काय काय बोलत असतील याचा त्यांना अंदाज होता. ते धोतर सावरून रेतीत बसले. "मंग जेवून तरी घ्या," ते म्हणाले. "उपाशीपोटी काय सुचून राह्यलं?"

कडूबाईने फडकं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, कांदा आणि बरणी. गुरुजींनी लांबूनच मान हलवली. ते काठावरचं गवत उपटत बाभळीच्या सावलीत जाऊन बसले. शास्त्रात पर्याय आहे म्हटल्यावर तयारी ठेवायला हरकत नव्हती.

थोडा वेळ नुसता खाण्याचा आवाज आला. मग शेठ, तोंडात घास असताना, म्हणाले, "त्या मोहरांचं काय व्हतं रे कचरू? फरशीचं?"

"ते व्हय! तिथला एक गिरणीवाला. लै मोठा. महाल बांधला गिरणीला लागून, जेवताना बी धुराडं दिसावं म्हणून. मंग म्हणाला, दिवाणखान्यात सोन्याच्या मोहरा बशिवतो, फरशी म्हणून. पर मोहरंवर बादशाचं तोंड. त्याच्यावर पाय कसा द्यावा? मंग बादशालाच इचारलं, तोंड वर ठिवू का खाली? बादशा म्हणाला, उभ्या ठिव."

शेठ प्रत्येक वेळी इथे अस्वस्थ व्हायचे. "उभ्या? उभ्या ठिवल्या तर केवढ्या लागल्या असत्या!"

"म्हणून तर न्हाई बशिवल्या."

"बादशा हुशार," शेठ म्हणाले.

"तो गिरणीवाला न्हवं मोठा मानूस," कडूबाई म्हणाली. "भाऊ म्हणायचा, आमच्या गावचा मोठा मानूस म्हंजे तो पेटीवाला. पलंगाएवढी पेटी वाजवायचा. साऱ्या दुनियेत त्याला बोलावणं. आन् पोर व्हता तवा त्याच गल्ल्यांनी हिंडायचा."

"इणकराचं पोरगं व्हतं ते," कचरू म्हणाला.

"इणकराचं न्हाई. बापाचे घरचे माग व्हते. पोरगं मागाकडं गेलंच न्हाई, पेटीकडं गेलं."

"वहिनी, म्या तिथंच बसलो व्हतो, साहेब सांगत व्हते तवा."

"बसले व्हते, पर झोपले व्हते."

शेठ हसले. "आन् पहिलं काय व्हतं तिथं? जंगल व्हतं न्हवं?"

"जंगलच. मंग सरकारनं दवंडी दिली, या, जमीन घ्या, घराला लाकूड घ्या, माग लावा. लोक आले गाड्या भरून. जर्मन आले, ज्यू आले, पोलंडवाले व्हतेच, रशियाचे हवालदार बी आले. चार देवळं, चार बोल्या, आन् भोंगा एकच. भोंगा झाला की समदे एका धर्माचे, साहेब म्हणायचे."

"आन् राज्य?"

"राज्य तर इचारूच नगा! गाव जागचं हललं न्हाई. आधी प्रशियाचं, मंग रशियाच्या बादशाचं, मंग पोलंडचं, मंग जर्मनीचं."

हा भाग परतूरला न समजावता कळायचा. साहेब आले तेव्हा गाव हैदराबाद संस्थानात होतं, आणि गेले तेव्हा मुंबई राज्यात. दोन्ही वेळा ते त्याच खोलीत होते. राज्य बदललं त्या संध्याकाळी त्यांनी कडूबाईकडे येऊन गंभीरपणे सांगितलं होतं, "आक्का, घाबरू नकोस. एवढं काय नसतंय. सवय हाय मला."

"आन् ट्राम," कचरू आता रंगात आला होता. त्याने भाकरी खाली ठेवली. "एक रस्ता, गावाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरळ, काठी ठिवावी तसा. त्याच्या मधून ट्राम. बैल न्हाई, घोडा न्हाई, धूर न्हाई, नुसती इजेवर. ड्रायव्हर पायानं घंटी वाजवतो, टण टण, टण टण. दोन्हीकडं दुकानं. सकाळच्या पाळीला बाया डोक्याला फडकी बांधून निघाल्या. थंडी अशी की तोंडातून वाफ. त्यांच्यात साहेबांची माय. ट्राम आली की बाया बाजूला..."

धुळाजीचा घास तोंडाजवळ थांबला.

कावळा दगडावर होता. कधी उतरला ते त्याला दिसलं नव्हतं. कावळ्याने मान वाकडी करून कोबीकडे पाहिलं, मग पिंडाकडे, मग पुन्हा कोबीकडे. आणि पिंडाला चोच लावली. एकदा. मग दुसऱ्यांदा, चांगली खोल.

धुळाजीचं तोंड उघडलं. ओरडून सांगावं, गुरुजींना हाक मारावी, कडूबाईचा हात ओढावा, सगळं एकदम त्याच्या मनात आलं. पण कचरूची ट्राम अजून रस्त्यात होती. घंटा वाजत होती, आणि शेठ मांडी बदलून ऐकत होते. साहेबांची गोष्ट मध्ये तोडायची नाही, हा लिंबाखालचा नियम होता. शेठ एकदा तोडून गेले होते, तर साहेबांनी सुट्टी संपेपर्यंत पुढचं सांगितलं नव्हतं. धुळाजीने घास तोंडात टाकला. तो त्याला चावता येईना. डोळ्यांतलं पाणी बोडक्या ओठावरून थेट हनुवटीवर आलं, कारण अडवायला मिशी नव्हती.

"ठेचा लागला का?" कडूबाईने विचारलं.

त्याने मान हलवली.

कावळ्याने दगडाला चोच पुसली आणि तो पलीकडच्या काठाकडे गेला.

"मंग बायांनी काम बंद केलं ते सांगा," कडूबाई म्हणाली. "ते ऱ्हाऊ नका देऊ. बायांनी धोटे खाली ठिवले आन् रस्त्यात आल्या. दगडं रचून वाट आडवली. बादशाचे शिपाई गोळ्या घालायले, तरी न्हाई हटल्या."

"हा, ते झालं. मंग लढाई झाली, मंग पोलंडचं राज्य आलं, साहेब फिटर झाले. मंग दुसरी लढाई." कचरू हळू झाला. "जर्मनांनी गावाचं नाव बदललं. चारातल्या एका जातीच्या लोकांना, ज्यूंना, गावातच कुंपण घालून कोंडलं. त्यांच्याकडनं कपडे शिवून घेतले. आन् मंग आगगाड्या आणल्या..."

तो थांबला. साहेब इथेच थांबायचे. इथे आल्यावर ते खिशातून तंबाखू काढायचे आणि भोंगा अजून कसा झाला नाही असं विचारायचे. आई आणि भाऊ तिकडे राहिले होते. पुढे काय झालं ते साहेबांना कोणी कळवलंच नव्हतं, मग ते परतूरला कुठून कळणार? वूचचा इतिहास इथपर्यंतच होता.

शेठांनी कचरूकडे पाहिलं. कचरूने कडूबाईकडे. कडूबाईने नवऱ्याकडे.

"मंग?" शेठ म्हणाले.

"मंग ते परतूरला आले," धुळाजी म्हणाला.

मग शेठ म्हणाले, "बराबर हाय," आणि त्यांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

बाभळीखालून नरहरगुरुजी उठून आले. हातात गवताचा कावळा होता. पंख, चोच, शेपूट, सगळं मन लावून केलेलं. "धुळाजी, हट्ट करू नकोस," ते म्हणाले. "ऊन बघ. लावू का हा?"

"ऱ्हाऊ द्या गुरुजी," धुळाजी म्हणाला. "आल्ता."

"कोण?"

धुळाजीने दगडाकडे हात केला. सगळे उठून उभे राहिले. पिंडाला मोठा खळगा पडला होता, तीळ दगडावर सांडले होते. कोबी जशीच्या तशी होती.

"कवा आल्ता?" शेठ म्हणाले. "सांगायचं न्हाई का!"

"ट्राम चालू व्हती तवा."

कचरू दगडाजवळ गेला, वाकला, आणि पिंडाकडे पुष्कळ वेळ पाहत राहिला. साहेबांनी तपासायला दिलेला एखादा भाग असावा तसा. मग उभा राहून त्याने डोक्याचा रुमाल काढला.

"म्हंजे घंटी पायानंच वाजवत असतील," तो म्हणाला. "मला जरा शंका व्हती."